उसाच्या मागे पाणी आणि राबणारे हात

विदर्भ म्हटलं की कापूस, संत्री आणि धान. ऊस पश्चिम महाराष्ट्राचा, असं आपण धरूनच चालतो. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या पट्ट्यातला ऊस साखर कारखान्यांच्या कितीतरी आधीचा आहे. इथल्या कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळात तलाव बांधले आणि त्या पाण्यावर धान, ऊस पिकवला. नवेगाव बांधचा तलाव कोहळ्यांनीच बांधल्याचं सांगतात. ऊस बारा ते अठरा महिने रानात उभा राहतो. आधी पाण्याची सोय, मगच लागवड.

गुऱ्हाळात चरकाचा रस काहिलीत पडतो, चुलवाणात उसाचंच चिपाड जळतं. रस तापला की भेंडीचा चिकट रस घालतात. मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत वळून बघतो. गोळी जमली की काहील उतरते. गुळाचं काम इथं संपतं. साखरेसाठी मात्र राब, म्हणजे आटवलेला दाट रस, निवू द्यायची, दाणा धरू द्यायचा आणि चिकट काकवी निथळून काढायची. खांडसारीत, म्हणजे देशी पद्धतीच्या साखरेत, वर ओलं शेवाळ पसरत. त्याचं पाणी हळूहळू झिरपून दाणा धुऊन निघे. ऊस मूळचा न्यू गिनीकडचा; पण दाणेदार साखर करण्याची कला भारतातली, गुप्तकाळापर्यंत ती चांगली रुळली होती. ती शिकून घ्यायला चीनच्या तांग सम्राटानं इ. स. ६४७ च्या सुमारास मगधात माणसं धाडली. इराणमधून अरबांनी ऊस इजिप्त, स्पेनपर्यंत नेला.

पुढचा इतिहास वाचताना जीव कळवळतो. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसनं ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर साखर घटते, म्हणून हंगामात मळे आणि घाणे रात्रंदिवस चालत. ते चालवायला माणसं विकत आणली गेली. आफ्रिकेतून जहाजांत कोंबलेल्या सुमारे सव्वा कोटी गुलामांपैकी बहुतेकांची रवानगी ब्राझील आणि कॅरिबियनमध्ये झाली, आणि तिथलं मोठं पीक होतं ऊस. हैतीतल्या गुलामांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. बिटात उसासारखीच साखर असल्याचं जर्मन रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफनं १७४७ मध्येच दाखवलं होतं. इंग्रजांशी झुंजताना उसाची साखर मिळेनाशी झाली, तेव्हा नेपोलियननं बिटाच्या लागवडीला जोर दिला.

ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली, पण मळ्यांना हात हवेच होते. १८३४ पासून करारबंद मजूर म्हणून भारतीय माणसं मॉरिशसला जाऊ लागली. त्यांत मराठी माणसंही होती. ज्या देशानं साखर करायला शिकवलं, त्याचीच लेकरं परक्या मळ्यात राबली, हे विसरता कामा नये.

भारतात कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रानं १९१२ पासून नव्या जाती दिल्या. १९३२ च्या संरक्षण कायद्यानं परदेशी साखरेला आळा बसला आणि कारखाने वाढले. नीरा, प्रवरा, गोदावरीच्या कालव्यांमुळे महाराष्ट्रात ऊस तिकडेच फोफावला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीचा सहकारी कारखाना सुरू झाला. वऱ्हाडाची काळी जमीन मात्र पावसावर आणि कापसावर राहिली. विदर्भातही पुढे सहकारी कारखाने उभे राहिले, पण गाळपाला पुरेसा ऊस मिळेना. त्यातले कित्येक बंद पडले किंवा विकले गेले. पूर्वेकडच्या जुन्या तलावांचं पाणी आज मुख्यतः धानालाच जातं.