रेट्राक्टात्सिओनेस

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी आयुष्याच्या उतरणीला, इ. स. ४२६–४२७ च्या सुमारास, स्वतःच्याच ग्रंथांची फेरतपासणी करण्यासाठी लिहिलेला लॅटिन ग्रंथ. त्या वेळी ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो (आजच्या अल्जीरियातील अन्नाबा) येथे बिशप होते आणि सत्तरी ओलांडून गेले होते. ग्रंथाचे दोन भाग असून त्यांत ९३ कृतींचा परामर्श घेतला आहे. एकेका कृतीचे अनेक खंड असल्यामुळे खंडांची एकूण संख्या २३२ भरते. श्रद्धेच्या बाबतीत आपले मत चुकले होते, अपुरे होते किंवा पुढे बदलले, हे एका मान्यवर आचार्याने नाव, प्रकरण आणि शब्द दाखवून स्वतः नोंदवावे, असे याआधीच्या ख्रिस्ती साहित्यात घडले नव्हते.

शीर्षकाचा अर्थ ‘माघार’ असा केला जातो, पण तो बरोबर नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘पुन्हा हाताळणे, पुन्हा तपासणे’ असा आहे. नव्या करारातील ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्दही याच्या जवळपासचा असला तरी वेगळा आहे. त्यात मन पालटणे अभिप्रेत आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द रूढ झाला, त्यामुळे मराठी वाचकाच्या कानावर मन फिरण्यापेक्षा मागाहून होणारा ताप आधी पडतो. ऑगस्टीन यांच्या या ग्रंथात ताप फारसा नाही. आपल्याच जुन्या वह्या पुढ्यात घेऊन बसलेल्या परीक्षकाचा कोरडा काटेकोरपणा त्यात आहे.

ग्रंथाची पद्धत ठरीव आहे. आधी कृतीचे नाव आणि ती कोणत्या निमित्ताने लिहिली ते येते, मग खटकणारी वाक्ये व त्यांवरची दुरुस्ती, आणि शेवटी त्या कृतीचे आरंभीचे शब्द, म्हणजे प्रत हाती आलेल्या वाचकाला ती ओळखता यावी. ग्रंथांच्या प्रती लोकांच्या हाती केव्हाच गेल्या होत्या आणि त्या परत बोलावणे शक्य नव्हते. म्हणून दुरुस्त्या अशा वेगळ्या नोंदवाव्या लागल्या. कृतींचा क्रम त्यांनी लेखनकाळानुसार लावला. त्या क्रमाने वाचणाऱ्याला आपण लिहिता लिहिता कसे पुढे सरकलो हे दिसेल, असे ते प्रस्तावनेत म्हणतात. याच सुमारास कृपेच्या वादातील त्यांचा विरोधक, इटलीतील एक्लॅनमचा बिशप ज्यूलियन याच्या आरोपांना उत्तर देण्याचेही काम चालू होते. एक काम दिवसा आणि दुसरे रात्री करतो, असे त्यांनी कार्थेजचा डीकन (बिशपचा सहायक) क्वोडवुल्टडेउस याला पत्रातून कळवले आहे.

काही दुरुस्त्या अगदी बारीक आहेत. तरुणपणीच्या संवादांत ‘दैव’ या अर्थी ‘फॉर्च्युना’ हे रोमन देवतेचे नाव आपण फार वेळा वापरले, याची त्यांना खंत वाटते. ‘कन्फेशन्स’मध्ये मित्राच्या मृत्यूचे वर्णन करताना त्यांनी लिहिले होते की, आम्ही दोघे म्हणजे दोन देहांतला एक जीव, तेव्हा मी मेलो तर तोही पुरता मरेल, म्हणून कदाचित मला मरणाची भीती वाटली असेल. हे वाक्य त्यांना आता गंभीर कबुलीपेक्षा पोकळ वक्तृत्वाचा नमुना वाटते. त्यात ‘कदाचित’ शब्द होता म्हणून मूर्खपणा थोडा सौम्य झाला, अशी पुस्तीही ते जोडतात. तीस वर्षांपूर्वीच्या वाक्यातील एका अव्ययाचा असा हिशेब ठेवणारा लेखक विरळाच.

सर्वांत खोल बदल देवाच्या कृपेविषयीचा आहे. रोमकरांस पत्रावर ३९४–३९५ च्या सुमारास लिहिताना श्रद्धा ठेवणे हे माणसाच्या हातचे आहे, असे त्यांचे मत होते. मिलानच्या सिंप्लिशियनने विचारलेल्या प्रश्नांना ३९६–३९७ च्या सुमारास उत्तरे देताना पौलाच्या ‘तुझ्याजवळ असे काय आहे की जे तुला मिळालेले नाही?’ या प्रश्नापाशी ते अडले, आणि श्रद्धेची सुरुवातसुद्धा कृपेचेच दान आहे, या निष्कर्षाला आले. या उत्तराचा परामर्श घेताना ते सांगतात की, आपण माणसाच्या स्वतंत्र इच्छेची बाजू राखण्यासाठी झटलो, पण विजय कृपेचा झाला. युक्तिवादात आपण हरलो, हे लेखकाने स्वतःच सांगावे असा हा मासला आहे.

सगळीकडे जुन्याच्या जागी नवे मत आलेले नाही. ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ या वचनातील खडक म्हणजे पेत्र, असे त्यांनी एकदा लिहिले होते. पुढे, पेत्राने ज्याला कबूल केले तो ख्रिस्त म्हणजेच खडक, असा अर्थ ते लावू लागले. दोन्ही अर्थ मांडून अधिक संभवनीय कोणता हे वाचकानेच ठरवावे, असे म्हणून ते पुढे जातात. प्रत्येक माणसात आत्मा कुठून येतो, या प्रश्नावर तर ते सरळ लिहितात की, तेव्हा मला ठाऊक नव्हते आणि आजही ठाऊक नाही.

या नम्रतेमागचा शास्त्राधार गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात शोधावा लागतो. अंत्युखियात पेत्र विदेशी विश्वासणाऱ्यांबरोबरच्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत दोष दिला. हा वाद दोघांनी संगनमताने केलेला देखावा होता, असे बायबलचे लॅटिन भाषांतरकार जेरोम यांचे मत होते. ऑगस्टीन यांना ते मान्य नव्हते आणि त्यांनी जेरोम यांना मत मागे घेण्याविषयी लिहिले. ते पत्र जेरोम यांच्या हाती पडण्याआधीच इटलीत फिरले, त्यामुळे वृद्ध जेरोम चांगलेच दुखावले गेले. पुढे सुमारे ४०५ मधील पत्रात ऑगस्टीन यांनी असे प्रतिपादन केले की, पौलाने वडीलधाऱ्याला टोकण्याचे धैर्य दाखवले खरे, परंतु मागून आलेल्याचा बोल पेत्राने ऐकून घेतला, हे उदाहरण त्याहून दुर्मीळ आणि पवित्र आहे.

मत बदलणे म्हणजे मवाळ होणे, असा समज मात्र या ग्रंथाने टिकत नाही. आफ्रिकेतील डोनाटिस्ट या फुटीर पंथाला राजसत्तेच्या बळाने मंडळीत आणू नये, असे ऑगस्टीन यांनी आरंभी लिहिले होते. ज्या कृतीत ते होते ती आज उपलब्ध नाही. त्यांना मोकळे सोडल्याने किती अनर्थ होतो आणि शिस्तीने किती सुधारणा होते, याचा अनुभव तेव्हा नव्हता, असे कारण देऊन ते हे मत रद्द करतात. राजाज्ञेच्या धाकाने आपले जन्मगावच पंथ सोडून परतले, हा दाखला त्यांनी डोनाटिस्टांतील एका शाखेचा बिशप व्हिन्सेंटियस याला सुमारे ४०८ मध्ये लिहिलेल्या पत्रात दिला होता. पुढील शतकांत धर्मविषयक सक्तीच्या समर्थकांना हे पत्र फार सोयीचे ठरले. येथे त्यांचे पहिले मत अधिक शहाणपणाचे होते, असेच आजच्या बहुतेक वाचकांना वाटेल.

शिवाय ग्रंथाचा बराच भाग दुरुस्तीपेक्षा बचावाचा आहे. इच्छास्वातंत्र्यावरील त्यांच्या जुन्या ग्रंथातील वाक्ये, माणूस स्वतःच्या इच्छाबळाने पापापासून दूर राहू शकतो असे शिकवणाऱ्या पेलेजियसने आपल्या बाजूने उद्धृत केली होती. त्या ग्रंथाच्या परामर्शात ऑगस्टीन बरीच पाने खर्चून सांगतात की, त्या वाक्यांचा रोख चांगले आणि वाईट अशी दोन आद्य तत्त्वे मानणाऱ्या मानी पंथावर होता आणि कृपेचा विषय तेथे प्रस्तुत नव्हता. हे स्पष्टीकरण पुरते पटत नाही, कारण सिंप्लिशियनच्या प्रसंगी मत बदलल्याचे ते स्वतःच इतरत्र मान्य करतात.

पत्रे आणि प्रवचने यांचाही असाच परामर्श घेण्याचा त्यांचा बेत होता. बहुतेक पत्रे वाचूनही झाली होती, पण त्यांवर काही सांगून लिहवून घेणे जमले नाही. व्हँडल या जर्मानिक टोळीचा वेढा हिप्पोला पडलेला असताना २८ ऑगस्ट ४३० रोजी त्यांचे निधन झाले आणि तो भाग तसाच राहिला.