कव्हरवर चेहरा कुणाचा? कॅसेट, व्हर्जन, रिमिक्स ते थंबनेल: थोडी पार्श्वभूमी

आगरी-कोळी हळदीच्या गाण्यांचे व्हिडिओ सगळे सारखेच दिसतात, अशी कुरकुर सारखी कानावर येते. पिवळी साडी, गजरा, बेंजो पार्टी, वरून ड्रोन आणि शेवटी समुद्र. कुरकुर खोटी नाही, पण हा साचा युट्यूबने आणलेला नाही, तो कॅसेटच्या कागदावर आधीच तयार झाला होता, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. त्याच्या आधीचं थोडक्यात सांगायचं तर मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या काळात कव्हर म्हणजे मधे गोल भोक असलेलं कागदी पाकीट, त्यावर कंपनीची नाहीतर दुकानदाराची जाहिरात, आणि गाणं कुठल्या प्रकारचं ते मधल्या लेबलवर बारीक अक्षरात. एलपी म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड आली तेव्हा बारा इंच जागा मिळाली, मग शास्त्रीयवाल्यांचे तंबोऱ्यासकट फोटो आले, सिनेमाच्या रेकॉर्डवर पोस्टरचाच तुकडा आला. पण एलपी विकत घेणारी घरं आपल्याकडे किती होती? गाणं घराघरात नेलं ते ऐंशीच्या दशकात कॅसेटने, आणि कुठल्या गाण्याचं कव्हर कसं दिसायचं हेही बऱ्यापैकी तेव्हाच ठरलं.

कॅसेटच्या डबीतल्या कागदाला धंद्यात इनले म्हणायचे. समोरची बाजू साधारण १० सेंटीमीटर उंच आणि साडेसहा रुंद, कडेची पट्टी सेंटीमीटरभराहून थोडीशी जास्त. एवढ्याशा जागेत देव, गायक, कंपनीचा शिक्का, नाव, 'स्टीरिओ' हा शब्द आणि किंमत हे सगळं बसवायचं. दुकानात कॅसेटी कडेच्या पट्टीवरून शोधायच्या, पण एसटी स्टँडवर किंवा जत्रेत हातगाडीवर त्या समोरून मांडलेल्या असायच्या, आणि तिथे गिऱ्हाईक थांबून वाचत बसत नाही, त्याला चार पावलांवरून कळलं पाहिजे की हे भजन आहे का लावणी. म्हणून रंग ठरून गेले. देवाच्या कॅसेटवर कॅलेंडरमधला समोरून बघणारा देव मोठ्ठा, आणि खालच्या कोपऱ्यात पासपोर्ट साइजचा गोल करून गायक. भीमगीतांना निळा रंग, सुटातले बाबासाहेब, मागे स्तूपाचा घुमट नाहीतर उगवता सूर्य. कोळीगीतांना होडी, जाळं, रुमाल नेसलेला टोपीवाला नाखवा आणि घट्ट लुगड्यातली कोळीण. लावणीला नऊवारी, ढोलकी, पायातले घुंगरू आणि मान वळवून बघणारी बाई. भावगीतांचं मात्र सगळं वेगळंच, फिकट रंग, एखादी फांदी किंवा संध्याकाळचं आभाळ, हाताने काढल्यासारखी अक्षरं आणि बरीच मोकळी जागा. चित्र जितकं कमी तितका दर्जा जास्त, असा एक न बोललेला नियम त्यात होता आणि तो कुणी ठरवला हे सांगायची गरज नाही. गंमत म्हणजे मोकळी जागा परवडायची ती ज्याचं नाव आधीच लोकांना माहीत आहे त्यालाच.

या सगळ्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे: समोरचा चेहरा आणि आतला आवाज एकाच माणसाचा कधी असतो? भीमगीतांचा शाहीर रात्र-रात्र जलसे करायचा, लोकांनी त्याला स्टेजवर पाहिलेला असायचा, त्यामुळे त्याचा फोटो कोपऱ्यात का होईना पण खरा. भावगीतात आणि गझलेत गायक स्वतःच समोर, शाल घेऊन. पण लावणीच्या कव्हरवरची बाई बहुतेक वेळा नाचणारी किंवा नुसती मॉडेल, गाणारी नाही. कोळीगीतांच्या होडीतलं जोडपंही तसंच. म्हणजे चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा ही आपल्याकडे जुनीच रीत, सिनेमाने सवय लावली होती आणि कॅसेटने ती पुढे चालवली. ह्यावर कुणाला काही आक्षेप नव्हता. आक्षेप आला तो सिनेमाच्या मालकाच्या पैशाला धक्का लागला तेव्हा.

ते म्हणजे व्हर्जन प्रकरण. ह्याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण गाण्याचं कव्हर आपल्या देशात कायद्याचा विषय झालं ते ह्याच्यामुळे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातल्या कलम ५२ मध्ये एक पोटकलम होतं, की एखादं गाणं मालकाच्या परवानगीने एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की दुसरा कुणीही नोटीस देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं आपल्या गायकांकडून गाऊन घेऊ शकतो. ही वाट दिल्लीकडच्या एका कंपनीला सापडली आणि तिने त्यावर अख्खा धंदा उभा केला. जुनी गाणी नवीन गळ्यात, आणि पुढे नवीन गाणीसुद्धा. कॅसेट स्वस्त, छपाई चकचकीत, माल पानाच्या टपरीवरही मिळणार. मूळ गायक हयात नसेल तर 'यादें' छापाचं नाव. पुढे पार्श्वगायनात मोठे झालेले काही आवाज ह्याच कारखान्यातून आलेत, ते आज कुणी फारसं आठवण करून देत नाही.

वाद पेटला 'हम आपके हैं कौन' वरून. सिनेमा १९९४ चा, गाणी जुन्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडे, आणि त्या दिल्लीकडच्या कंपनीने त्याच नावाने व्हर्जन कॅसेट आणली. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. तिथे गाण्यावर किती बोलणं झालं माहिती नाही पण आदेश वाचला तर सगळा भर इनलेवर आहे: रंगसंगती, मांडणी, एकूण रूप मूळ कॅसेटसारखं भासेल असं नको, आणि सिनेमाचं नाव घालायचंच असेल तर ठसठशीत अक्षरात लिहा की हे मूळ साउंडट्रॅक नाही, वेगळ्या आवाजातलं व्हर्जन आहे. म्हणजे कोर्टाच्या लेखी फसवणूक होत होती ती कानाची नाही, डोळ्यांची.

साधारण ह्याच सुमाराला कायदाही बदलला. १९९४ ची दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाली आणि त्या पोटकलमात तीन गोष्टी आल्या. मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर दोन वर्षं थांबायचं. नोटिशीबरोबर सगळी कव्हरं आणि लेबलं मालकाला आधी दाखवायची. आणि पॅकिंग असं नको की लोकांची ओळखण्यात गल्लत होईल. मला यातली दुसरी अट सगळ्यात मजेशीर वाटते, गाणं ऐकवायची सक्ती नाही पण कव्हर मात्र दाखवलंच पाहिजे!

आता ह्यात बाजू घ्यायची तर अवघड आहे. मूळ कंपनीने सिनेमाच्या गाण्यांसाठी पैसे मोजलेले, तिचं म्हणणं चूक नाही. पण गिऱ्हाईक फसत होतं हे मला तरी अर्धंच पटतं. स्टँडवर व्हर्जन घेणाऱ्याला माहीत असायचं की हा स्वस्तातला माल आहे, 'ओरिजनल द्या' असं म्हणून वेगळी कॅसेट मागायची पद्धतच होती. खरी गोची झाली ती तिसऱ्याच माणसाची. व्हर्जन गाणारा गायक किंवा गायिका. कव्हरवर सिनेमाचा हिरो नाहीतर मूळ गायकाची आठवण, आणि ह्याचं नाव आतल्या घडीवर, गाण्यांच्या यादीखाली, भिंगाने वाचावं इतकं बारीक. कोर्टाच्या आदेशाने समोर 'व्हर्जन' अशी पट्टी आली, पण ती पट्टी मालकाच्या हक्कासाठी होती, गाणाऱ्याच्या ओळखीसाठी नव्हती. गाणाऱ्याला काय मिळालं, तर 'वेगळे आवाज' ह्या दोन शब्दांत एक वाटा.

मराठीत ह्याच काळात वेगळीच गंमत चालू होती. हिंदी हिट गाण्याच्या चालीवर देवाचं नाहीतर लग्नाचं गाणं लिहायचं आणि कव्हरवर गणपती. चाल सिनेमाची, शब्द आपले, चित्र देवाचं, म्हणजे कव्हर बघून कुणालाच कळायचं नाही की आत काय वाजणार आहे, आणि पहिल्या दोन ओळींत ओळख पटली की मंडपात हशा. दुसरीकडे 'झंकार बीट्स' ही पट्टी. जुन्या गाण्यावर वरून ऑक्टोपॅड ठोकायचा आणि कव्हरवर ते लिहायचं. रिक्षावाल्यांसाठी ती पट्टी म्हणजे हमी होती.

टीव्हीकडे येताना इंडीपॉप, म्हणजे सिनेमाबाहेरची पॉप गाणी, पटकन उरकतो, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. १९९४ ते ९६ मध्ये म्युझिक चॅनल इथे आले, १९९५ ला 'मेड इन इंडिया' मध्ये महाल, साप आणि लाकडी पेटीतून निघणारा तो मॉडेल, आणि पहिल्यांदाच सिनेमात नसलेल्या गाण्याला सिनेमासारखा पैसा लागला. इथे गायिकाच समोर होती हे महत्त्वाचं. चार-सहा वर्षं तरी आवाज आणि चेहरा एकत्र राहिले.

मग रिमिक्स आलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. २००२ चं 'कांटा लगा', मूळ गाणं १९७२ च्या 'समाधि' मधलं. व्हिडिओत दिसणारी मुलगी गात नाही, गाणारी दिसत नाही, मूळ गायिका तर लांबच. त्यावर जो गदारोळ झाला तो संस्कृती वगैरेवरून झाला, सगळ्या शिव्या त्या विशीतल्या मॉडेलला, व्हिडिओ बनवणारे आणि विकणारे आरामात. व्हर्जनच्या वेळी कोर्टाला इनलेचा रंग दिसला होता, इथे साडेसहा सेंटीमीटरचा कागदच नाही, व्हिडिओ हेच कव्हर झालं होतं, आणि तो मूळ सिनेमासारखा अजिबात दिसत नव्हता, उलट मुद्दाम वेगळा होता. गल्लत होण्याचा प्रश्नच नाही. जुन्या गीतकार-संगीतकारांचं दुखणं वेगळं होतं, आमच्या गाण्याला तुम्ही हे कसलं चित्र जोडलंत, आणि त्यावर पॅकिंगच्या कलमात औषध नव्हतं.

त्याच सुमाराला मराठीत व्हीसीडीचा, म्हणजे व्हिडिओ सीडीचा काळ. कॅसेटच्या कव्हरवरचं होडीतलं जोडपं आता हलायला लागलं एवढाच फरक. अलिबागकडचा किनारा, एका दिवसात पाच गाणी शूट, मागे सहा पोरं-पोरी एकाच रंगाच्या कपड्यात. व्हीसीडीच्या कव्हरवर मात्र गर्दी झाली, फोटोशॉप नवीन हाती आलेलं, दहा-बारा मुंडकी कापून चिकटवायची, निर्मात्याचाही फोटो त्यात. आज हळदीच्या व्हिडिओत जे सगळं दिसतं ते थेट इथून आलंय, फक्त ड्रोन नवीन आहे. हळदीच्या थंबनेलवर नवरा-नवरी झालेली जोडी असते ती रील्सवरची, गायकाचं नाव वर्णनात. मला वैयक्तिक ती पिवळ्या रंगाची भरमार डोळ्याला त्रास देते, पण चार पावलांवरून कळलं पाहिजे हा हातगाडीचा नियम फोनच्या स्क्रीनलाही लागू पडतो, तिथे तर चित्र नखाएवढंच दिसतं.

२०१२ मध्ये कायदा पुन्हा बदलला. जुनं पोटकलम काढून कव्हर व्हर्जनसाठी, म्हणजे ह्याच दुसऱ्या गळ्यातल्या गाण्यांसाठी, वेगळं कलम ३१ सी आलं. थांबायच्या दोन वर्षांची पाच झाली. दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. आणि कव्हरबद्दल तर स्पष्टच लिहिलं: आधीच्या रेकॉर्डिंगमधल्या कुठल्याही कलाकाराचं नाव किंवा चित्र नको, सिनेमाचंही नको, आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं वर छापा. ५०,००० हा आकडा हिंदीवाल्यांच्या हिशोबाचा, मराठी किंवा कोकणीत एवढ्या प्रती कोण विकणार, तर त्यासाठी एक पळवाट ठेवली की भाषेचा किंवा बोलीचा खप बघून तेव्हाचं कॉपीराइट बोर्ड हा आकडा कमी करू शकत होतं. म्हणजे बोलीतल्या छोट्या निर्मात्याचा विचार कुणीतरी केला होता. पण कलम लिहिलं गेलं ते 'प्रती' आणि 'कव्हर' ह्या भाषेत, आणि तोपर्यंत कॅसेटची दुकानं मोबाईल रिचार्जची झाली होती.

आता चेहरा-आवाज परत एकत्र आले ते रॅपमध्ये. कुर्ल्याच्या एका पोराने आयपॅडवर केलेला व्हिडिओ २०१४ चा, मागे त्याचीच वस्ती, तोच गातो, तोच दिसतो. तिथून गल्ली, गच्ची, पत्रे, रिक्षा हा रॅपचा ठरलेला देखावा झाला, आणि आता तो हळदीच्या समुद्राइतकाच ठरीव झालाय, फक्त त्याला कुणी एकसुरी म्हणत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शूट केलेल्या रॅपवरून गुन्हा दाखल झाला, टेबलावर तलवार, दारूची बाटली, शब्दांत शिव्या. देखावा परदेशी हिपहॉपमधून उचललेला आणि जागा मात्र पदव्या देणारी, भडका उडणारच. चेहरा, आवाज, शब्द सगळं एकाचंच असल्यामुळे इथे बोट कुणाकडे दाखवायचं हा प्रश्न मात्र आला नाही. 'कांटा लगा' च्या वेळी तो सोयीस्कर चुकवता आला होता.

गेल्या दोन-तीन वर्षांत एआयवरची 'कव्हर' आली, म्हणजे नवीन गाणं दिवंगत गायकाच्या आवाजात, थंबनेलवर त्यांचाच ब्लॅक अँड व्हाइट फोटो. ३१ सी ने जे छापू नका म्हटलं होतं नेमकं तेच. व्हर्जनच्या काळात चित्र ओळखीचं आणि आवाज परका होता, इथे आवाजही ओळखीचा आणि गाणारं कुणीच नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका आघाडीच्या पार्श्वगायकाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, त्यात परवानगीशिवाय त्याचं नाव, आवाज, फोटो वापरून एआयवर माल काढायला मनाई आहे. तो गायक हयात आहे आणि स्वतः कोर्टात जाऊ शकला. थंबनेलवर ज्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो झळकतात त्यांच्या बाबतीत ते वारसांवर आलं.