शेंद्र्याची स्कोडा आणि पोलंडचा १९८९ चा कायदा

छत्रपती संभाजीनगरहून (जुनं औरंगाबाद) जालना रोडनं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडं जाताना स्कोडाचा बोर्ड लागतो, आणि आपल्याकडं बऱ्याच जणांना ती जर्मन कंपनी वाटते, कारण मालक फोक्सवॅगन. पण गाडी मूळची चेक. १८९५ ला सायकलींपासून सुरू झालेलं हे दुकान दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारजमा झालं, १९८९ ला कम्युनिस्ट राजवट गेल्यावर विक्रीला निघालं, रेनो पण मागं लागली होती पण १९९१ ला फोक्सवॅगनला मिळालं, आणि दहा वर्षांनी आपल्या शेंद्र्यात ऑक्टेव्हिया जोडायला लागलं. म्हणजे सरकारी बाजारातनं नुकतीच बाहेर पडलेली कंपनी दुसऱ्या तशाच देशात येऊन बसली. सरकारी बाजार उघडल्यावर धंदेवाले कसे सावरले, ही गोष्ट दोन-तीन मोठ्या कंपन्यांची म्हणून सांगितली जाते, त्यात उद्योजकांच्या संघटनांनी, म्हणजे मधल्या असोसिएशनवाल्यांनी काय केलं हे कुणी विचारत नाही, म्हणून ही पार्श्वभूमी.

पूर्व युरोपात तेव्हा चेंबर, म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटना, नव्हते असं नाही, होते, पण ते सरकारचंच एक खातं असायचं, परदेशी व्यापाराचे कागद आणि प्रदर्शनं एवढंच काम. पोलंडनं व्यापारी चेंबरचा कायदा केला ३० मे १९८९ ला, म्हणजे ज्या निवडणुकीत सत्ताधाऱ्यांचं पानिपत झालं तिच्या पाच दिवस आधी. मग १ जानेवारी १९९० ला तिथले अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांचा प्लॅन लागू झाला, बहुतेक भाव एका फटक्यात मोकळे, त्या वर्षीची महागाई पाचशे टक्क्यांच्या वर. आता छोट्या वर्कशॉपवाल्याचा विचार करा, काल कच्चा माल कोट्यातनं यायचा आणि माल कुणाला द्यायचा हे वरून ठरायचं, आज त्यानं कोटेशन कसं काढायचं, बँकेत काय घेऊन जायचं, पार्टीनं पेमेंट थकवलं तर कुठं रडायचं? कायदा एका रात्रीत बदलतो हो, पण ही अक्कल द्यायला कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं.

ते काम बाहेरच्या संघटनांनी अंगावर घेतलं. अमेरिकन चेंबरशी जोडलेली साइप ही संस्था १९८३ पासून होतीच, ती जास्त करून कायदे, धोरण, सरकारशी कसं बोलायचं असल्या गोष्टी शिकवायची. जर्मन लोकांची पद्धत वेगळी. तिथल्या उद्योग आणि कारागिरांच्या संघटनांनी मिळून १९९१ ला बॉनमध्ये सेक्वा काढली, आणि जर्मनीतलं एक चेंबर बाहेरच्या एका चेंबरला जोडून द्यायचं, अशा जोड्या लावल्या. शिवाय रिटायर झालेल्या तज्ज्ञांची एसईएस नावाची संस्था, तीही १९८३ ची, तिचा माणूस फी न घेता येतो, राहणं-खाणं बोलावणाऱ्यानं बघायचं. माझ्या मते या सगळ्यात कामाचा माणूस हाच, कारण पीपीटी कुणीही दाखवतं, मशीनला हात लावून चूक दाखवणारा मिळत नाही.

भांडण मात्र एका मुद्द्यावर खूप चाललं. जर्मनीत धंदा काढला की चेंबरची मेंबरशिप कायद्यानंच लागते, वर्गणी भरावीच लागते, म्हणून चेंबरकडं पैसा असतो, आणि आपल्या आयटीआयसारख्या पोरांची परीक्षासुद्धा तेच घेतं. हंगेरीनं हे मॉडेल १९९४ ला घेतलं आणि काही वर्षांत सक्ती काढून टाकली. पोलंडनं सुरुवातीपासून मर्जीवर ठेवलं. चाळीस वर्षं सक्तीत काढलेल्या माणसाला परत सक्तीची पावती दाखवली की तो भडकणारच, पण मर्जीवर ठेवलं की वर्गणी कोण देतो ते आपल्या इथल्याच वाळूज एमआयडीसीतल्या कुठल्याही असोसिएशनच्या खजिनदाराला विचारा.

आपलं दुखणं उलटं होतं. आपल्याकडं संघटना जुन्या आणि ढीगभर, सीआयआय या देशभरच्या उद्योग महासंघाचं मूळ तर थेट १८९५, स्कोडाच्याच वर्षी. पण लायसन्स राजमध्ये, म्हणजे कारखान्याला सरकारी परवाना लागायचा त्या काळात, संघटनेचं काम म्हणजे दिल्लीला निवेदन देणं, कोटा वाढवून मागणं आणि हारतुरे. २४ जुलै १९९१ ला औद्योगिक धोरण आलं, अठरा उद्योग सोडून लायसन्स गेलं, आणि निम्मी निवेदनं एका दिवसात रद्दी झाली. १ जानेवारी १९९२ पासून सीआयआय हे नाव आलं. दावोसवाल्या वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमबरोबर त्यांचं सूत १९८५ लाच जुळलेलं होतं, ते आता कामी आलं. सगळे खूश नव्हते, १९९३ ला बॉम्बे क्लब म्हटल्या जाणाऱ्या बड्या उद्योगपतींच्या गटानं आधी आम्हाला बरोबरीचं मैदान द्या म्हणून आवाज काढला, त्यात बजाज ऑटोचे राहुल बजाज पुढं होते, ज्यांचा वाळूजचा प्लांट १९८५ पासून चालू होता.

आणि वाळूजचं म्हणाल तर मराठवाडा मुळात उशिरा सुटलेला, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं, एमआयडीसीच १९६२ ची. त्यामुळं इथला शेडवाला बजाजच्या जॉबवर्कवर उभा राहिला, एकच गिऱ्हाईक, एकच ड्रॉइंग. बाजार उघडल्यावर त्याला डाय, गेज, मोजमाप, रिजेक्शन हे सगळं नव्यानं शिकायचं होतं. चिकलठाण्याची इंडो जर्मन टूल रूम त्यासाठी मोठा आधार झाली, ती दोन सरकारांमधली, संघटनांची नाही, हे खरं, पण तिथनं निघालेली पोरं शेवटी सीएमआयए आणि मसिआ या इथल्या उद्योजक संघटनांच्या मेंबरांकडंच कामाला लागली. बाकी डेलिगेशनं पण बरीच गेली-आली, त्यातल्या किती जणांनी ऑर्डर आणली आणि किती जणांनी नुसते फोटो, हा विषय चहावर काढावा.

याच वाळूजमध्ये बजाजला पार्ट देत मोठी झालेली एन्ड्युरन्स आज जर्मनीत आणि इटलीत स्वतःचे कारखाने चालवते.