आग कोपऱ्यात आणि पाणी छतावर, असं का?

फायर ब्रिगेड आग विझवतानाचा व्हिडिओ बघताना कुणीतरी हमखास म्हणतंच, "अरे आग त्या कोपऱ्यात आहे, आणि हे लोक पाणी छताकडे काय उडवतायत?" मग लगेच ट्रेनिंग नाही, घाबरतात, आत जायला नको म्हणून टाइमपास चाललाय वगैरे सुरू होतं. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण दारात गुडघ्यावर बसून नोझल वर धरलेला तो जवान त्या क्षणी सगळ्यात हुशारीचं काम करत असतो, आणि ते का हे कळायला शाळेतलं फिजिक्स पुरतं.

आधी धुराचं बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. आपल्याला वाटतं धूर म्हणजे जळून झाल्यावर उरलेला कचरा. पण मेणबत्ती फुंकून विझवा आणि वातीतून जी पांढरी रेघ वर जाते त्या रेघेला, वातीपासून बोटभर वर, पेटती काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून सरसर खाली उतरते आणि वात परत पेटते. म्हणजे ती रेघ मेणाची वाफ होती, अजून न जळलेलं इंधन. खोलीतल्या आगीचंही हेच. लाकूड, फोम, पडदे हे घन पदार्थ तसे थेट पेटत नाहीत, तापले की त्यांच्यातून वायू सुटतात आणि जळतात ते वायू. पण जितके सुटतात तितके सगळे जळायला पुरेसा ऑक्सिजन बंद खोलीत नसतो, मग उरलेले वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी हे सगळं गरम असल्यामुळे वर जातं आणि छताखाली साठत राहतं. आग कोपऱ्यात दिसते खरी, पण खोलीतला जास्त धोकादायक ऐवज तुमच्या डोक्यावर तरंगत असतो.

हा थर तापत तापत साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत गेला की तो सगळ्या खोलीवर खाली उष्णता ओततो, रेडिएशनने, म्हणजे आगीने कशालाही शिवायची गरजच नाही. जमिनीपाशी ही उष्णता दर चौरस मीटरला २० किलोवॅटच्या आसपास पोचली की खोलीतली प्रत्येक पेटण्यासारखी वस्तू जवळजवळ एकदमच पेट घेते. भर दुपारचं कडक ऊन चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट असतं, म्हणजे तसली वीस उन्हं एकदम! याला फ्लॅशओव्हर म्हणतात. त्यानंतर खोलीत माणूस जगत नाही, पूर्ण गणवेशातल्या जवानालाही मोजके सेकंद मिळतात. आणि आजकाल हे फार लवकर होतं, कारण सोफे-गाद्यांमध्ये सिंथेटिक फोम असतो. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या संस्थेने जुन्या पद्धतीच्या आणि आजच्या फर्निचरच्या दोन खोल्या पेटवून बघितल्या होत्या, आजची खोली चार मिनिटांच्या आत फ्लॅशओव्हरला पोचली आणि जुनीला जवळपास अर्धा तास लागला.

आता पाणी. पाणी आग विझवतं ते मुख्यतः उष्णता खाऊन. २० अंशांचं एक किलो पाणी उकळीपर्यंत न्यायला ३३५ किलोजूल लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी २२५७, म्हणजे पावणेसात पट. त्यामुळे जे पाणी वाफ न होता जमिनीवरून वाहून गेलं त्याने आपलं बहुतेक काम केलंच नाही असं समजायचं. वाफ व्हायची तर थेंब बारीक हवेत, एक मिलिमीटरच्याही खाली, म्हणजे तेवढ्याच पाण्याला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. पण अगदी धुक्यासारखे बारीकही चालत नाहीत, ते थरात शिरायच्या आतच संपतात. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये क्रिस्टर गिसेलसन आणि मॅट्स रोसान्डर या दोघांनी यावरच अभ्यास करून तंत्र बसवलं: नोझल क्षणभर उघडायचं, फवारा वरच्या थरात सोडायचा, बंद करायचं, काय होतंय ते बघायचं, परत उघडायचं.

इथे एक शंका येते आणि मलाही ती बरेच दिवस छळत होती. एक लिटर पाण्याची १०० अंशांना साधारण १७०० लिटर वाफ होते, मग ती वाफ खोलीत फुगून जवानालाच भाजून काढणार नाही का? मी शेवटी कागद-पेन घेऊन बसलो. एक घनमीटर धूर घ्या, ६०० अंशांचा, म्हणजे ८७३ केल्विन. त्याचं वजन जेमतेम ४०० ग्रॅम. तो २०० अंशांवर, म्हणजे ४७३ केल्विनवर आणायला साधारण १८० किलोजूल काढून घ्यावे लागतात, आणि त्यासाठी ६०-६५ ग्रॅम पाणी वाफ झालं की झालं. त्या वाफेने ०.१४ घनमीटर जागा घेतली. पण थंड झाला म्हणून मूळचा धूर आकसून ०.५४ घनमीटर झाला (शाळेतला चार्ल्सचा नियम, तापमान कमी तर आकारमान कमी)! दोन्ही मिळून ०.६८. म्हणजे वाफ मिळवूनसुद्धा एकूण आकारमान तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं, थर वर उचलला जातो आणि जवानाला खाली दिसायला लागतं. पण तेच पाणी थरातून आरपार जाऊन तापलेल्या छतावर किंवा भिंतीवर आपटलं आणि तिथे त्याची वाफ झाली, तर उष्णता भिंतीची गेली, धूर गरमच राहिला, आकसला नाही, आणि वाफ मात्र वर जमा झाली. एकूण आकारमान वाढलं आणि ती वाफ खाली अंगावर. म्हणजे जीव वाचणं आणि भाजून निघणं यातला फरक पाणी किती मारलं यापेक्षा वाफ नेमकी कुठे झाली यावर ठरतो. ५० घनमीटरची खोली अर्धी धुराने भरली असेल तर कागदावर हे काम दीड-पावणेदोन लिटर पाण्यात होतं. प्रत्यक्षात जास्त लागतं, आग नवीन उष्णता सोडतच असते आणि सगळे थेंब वाफ होत नाहीत, आणि पुढे खाली कोपऱ्यातल्या मूळ आगीवरही भरपूर पाणी मारावंच लागतं, पण तिथपर्यंत पोचायचा रस्ता या दीड लिटरने उघडतो.

खिडक्या फोडायच्या घाईचंही तसंच आहे. बाहेरचे लोक धूर जाऊ दे म्हणून काचा फोडतात, पण आत आग हवेअभावी मंदावलेली असेल तर तुम्ही तिला नेमकी हवी ती गोष्ट देताय. हवा आत शिरते, गरम वायूंमध्ये मिसळते, आणि सगळं एकदम भडकून बाहेर येतं, याला बॅकड्राफ्ट म्हणतात. म्हणून जवान काच फोडतात ती वेळ बघून, पाणी तयार असताना. आपण बाहेर पडताना दार नुसतं ओढून घेतलं तरी आगीची हवा तुटते.

आणि ते नाकाला ओला रुमाल लावायचं. फॉरवर्डमध्ये असं लिहितात की ओला रुमाल लावला की धुरातून आरामात चालत जाता येतं. थोडी काजळी अडत असेल, कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडत नाही, आणि तो रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणूनच जवान पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन जातात. रुमालाच्या भरवशावर धुरात शिरू नका, प्लीज.

आग विझली की काम संपत नाही, ती का लागली हे शोधायचं असतं. इथे अंधश्रद्धा फार घुसते, बंद खोलीत आपोआप आग लागली म्हणजे करणी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा कोपऱ्यात टाकून बघितलाय कुणी? ते तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निघते, गोळ्यात ती अडकते, आणि काही तासांनी काडी न लावता तो पेटू शकतो.

पण फक्त सामान्य लोकच चुकतात असं नाही. जमिनीवर जळाल्याचे वेडेवाकडे डाग दिसले की कुणीतरी पेट्रोल ओतलं, असं तपास करणारे बरीच वर्षं धरून चालायचे. १९९० मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनविल शहरात एका घराच्या आगीत सहा माणसं गेली आणि असल्याच खुणांवरून घरातल्याच माणसावर खुनाचा आरोप ठेवला. त्याचं म्हणणं होतं की आग सोफ्यावरून सुरू झाली. १९९१ मध्ये सरकारी पक्षाच्या तज्ज्ञांनी शेजारचं तसंच एक रिकामं घर तसंच सजवलं आणि पेट्रोल न वापरता फक्त सोफा पेटवला. फ्लॅशओव्हर व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतील असा त्यांचा अंदाज होता, तो साडेचार मिनिटांत झाला, आणि विझवल्यावर जमिनीवर तसेच डाग होते. त्या माणसावरचा खटला मागे घेतला गेला.