औषधाने उतरलेला ताप

सकाळी साडेसहाला मुलाचं अंग गरम लागतं. आज चाचणी परीक्षा, आईबाबांना रजा नाही, म्हणून पॅरासिटामॉलचं एक माप पाजून त्याला व्हॅनकाकांच्या हवाली केलं जातं. साडेअकराच्या सुमारास शाळेतून फोन येतो, "पुन्हा ताप भरलाय, घेऊन जा." जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पालकांना हा फोन नवा नाही.

फोनची वेळही हिशोबातलीच. जंतूंचा शिरकाव झाला की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन वाढतं आणि मेंदूतलं हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान मुद्दाम वर नेऊन ठेवतं. पॅरासिटामॉल हे रसायन तयार होऊ देत नाही, म्हणून ताप उतरतो. पण त्याचा अंमल चार ते सहा तासांचा, आणि विषाणूला ते हातही लावत नाही. थर्मामीटर 98.6 दाखवत असला तरी मूल बाकावरच्या सोबत्याला आजार वाटतच असतं. शाळेच्या सूचनापत्रात 'ताप जाऊन 24 तास झाल्यावरच पाठवा' असं असतं. त्यात 'औषध न देता' हे शब्द गृहीत आहेत, आणि नेमके तेच निसटतात.

या नियमाने सगळं थांबतं असंही नाही. फ्लूचा संसर्ग लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पसरू लागतो. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा घेतला आणि शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे अनेकांना आठवत असेल. म्हणूनच लस आणि साबणाने हात धुणं हवंच. उलट्या-जुलाबांच्या साथीत तर साबणच हवा, कारण नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही.

कांजिण्यांत तापाकडे बघून निर्णय घेऊच नये. ताप एक-दोन दिवसांत जातो, पण सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, मूल घरीच हवं. 'शंभर टक्के हजेरी'चं बक्षीस देणाऱ्या शाळांनी यावर जरा विचार करावा.

उवांचं मात्र उलट. उवा झाल्या म्हणून मुलीला घरी बसवायची गरज नाही. उवा उडी मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की सरकतात. औषधाने लिखा सगळ्या मरतीलच असं नाही आणि त्या आठवड्या-दीड आठवड्यात फुटतात. तेव्हा बहुतेक औषधं नवव्या दिवसाच्या आसपास पुन्हा लावावी लागतात.

पावसाळ्यात पुण्यात डेंग्यू असतोच, आणि तिथे उतरलेला ताप जास्तच फसवा. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकं तेव्हाच काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, गुंगी, यांतलं काहीही दिसलं तर मुलाला तडक दवाखान्यात न्यायचं. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन द्यायचं नाही, कारण त्याने रक्तस्राव वाढू शकतो.