टोकनवर बिल आणि मराठी मजकूर : एपीआयच्या दरपद्धतीची पार्श्वभूमी

भाषा मॉडेलला एपीआयवरून, म्हणजे आपल्या प्रोग्रामने कंपनीच्या सर्व्हरला थेट विनंती करायच्या वाटेने, मजकूर पाठवला की बिल टोकनवर येते, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे लहान तुकडे पाडते त्यांच्या संख्येवर. हे इतके अंगवळणी पडले आहे की कोणे एके काळी हा एक निर्णय होता आणि त्याला पर्यायही होते, याची आठवण फारशी कोणाला राहिलेली नाही. मराठीत काम करणाऱ्यांनी मात्र ती ठेवायला हवी, कारण त्या निर्णयाची झळ त्यांना बसली आहे.

जून २०२०मध्ये ओपनएआय या संस्थेचे १७५ अब्ज पॅरामीटरचे (मॉडेलच्या आत साठवलेल्या आकड्यांचे) जीपीटी-३ हे भाषा मॉडेल लोकांपुढे आले ते डाउनलोड करायची फाइल म्हणून नव्हे, तर एका पत्त्यावर पाठवायच्या विनंतीतून. आधीच्या वर्षी त्याच संस्थेने जीपीटी-२ टप्प्याटप्प्याने का होईना, पण पूर्ण खुले केले होते. या वेळी मॉडेल स्वतःच्याच सर्व्हरवर ठेवले. कारणे तीन सांगितली गेली : संशोधनाला पैसा हवा, एवढे मोठे मॉडेल इतरांना चालवता येणार नाही, आणि गैरवापर झाला तर प्रवेश बंद करता यावा. नोव्हेंबर २०२१पर्यंत प्रतीक्षायादी होती. सर्वांत मोठ्या मॉडेलचा दर हजार टोकनला ६ सेंट होता, तो सप्टेंबर २०२२मध्ये २ सेंटवर आला. मार्च २०२३मध्ये चॅटचे मॉडेल एपीआयवर आले तेव्हा दर ०.२ सेंट झाला. स्वस्ताईचा हा आलेख सगळीकडे छापला जातो. पण एक टोकन म्हणजे किती मजकूर, हे भाषेगणिक बदलते, आणि ते या आलेखात दिसत नाही.

टोकन पाडायची रीत मुळात १९९४मधल्या डेटा आकसवण्याच्या एका तंत्रातून आली : वारंवार शेजारी येणारी जोडी घ्यायची आणि तिला एक नवे चिन्ह द्यायचे. २०१५-१६च्या सुमारास यंत्रभाषांतरात ती रुळली. जीपीटी-२ने ती थेट बाइटवर लावली, म्हणजे जगातली कोणतीही लिपी आत जाऊ शकते. तत्त्व समावेशक होते. खरा भेदभाव जोड्या ठरवताना झाला. त्या ठरल्या इंटरनेटवरून गोळा केलेल्या मजकुरावरून, आणि त्या संग्रहातून इंग्रजी नसलेली पाने मुद्दाम काढून टाकली होती. त्यातून ५०,२५७ टोकनांची यादी तयार झाली आणि जीपीटी-३ने तीच उचलली. इंग्रजीपुरता बेतलेला हा संशोधनातला तपशील २०२०मध्ये पैसे मोजायचे एकक होऊन बसला.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये, म्हणजे संगणकावर लिप्या साठवायच्या रूढ पद्धतीत, तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात मात्रांसह पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. (१९९१च्या भारतीय मानकात, इस्कीमध्ये, हीच चिन्हे एकेका बाइटात बसत होती.) जोड्या इंग्रजीवरून ठरल्याने हे बाइट फारसे जुळत नसत आणि एका चिन्हालाच एकाहून जास्त टोकन लागणे नेहमीचे होते. इंग्रजीसाठी ‘चार अक्षरांना एक टोकन’ हा ठोकताळा अधिकृत मार्गदर्शिकेत दिलेला असे. तो धरून मराठी सेवेचा खर्च काढणाऱ्याचा अंदाज सपशेल कोसळायचा. उत्तराच्या लांबीची मर्यादा सांगितली नाही तर ती १६ टोकन धरली जाई. इंग्रजीत तेवढ्यात निदान एक वाक्य होते, मराठीत मात्र उत्तर शब्दाच्या मध्येच तुटायचे. कधी तर अक्षराच्याही मध्ये, आणि तिथे प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटायचा.

दरपद्धतीच्या बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही. मॉडेल खरोखरच टोकनागणिक आकडेमोड करते, विजेचा आणि चिपांचा खर्च टोकनांच्या प्रमाणात वाढतो, मग बिलही तसेच असावे. पण मराठी वाक्याला जास्त टोकन लागतात ते मराठीच्या स्वभावामुळे नव्हे, तर ती यादी कोणी आणि कोणत्या मजकुरावर केली यामुळे. विक्रेत्याने केलेल्या निवडीचा खर्च ग्राहकाच्या भाषेवर टाकला गेला. पर्याय नव्हता असेही नाही. २०२३मध्ये एका मोठ्या क्लाउड कंपनीने आपल्या मॉडेलचा दर हजार कॅरेक्टरांवर, म्हणजे लिपीतल्या चिन्हांवर, लावला होता, त्यात मोकळ्या जागा मोजल्या जात नसत. त्या हिशेबात ‘मराठी’ म्हणजे पाच, मग यादी कशीही असो. पुढे तीही कंपनी टोकनवर आली. तुलना सोपी झाली, असे उद्योगात म्हटले गेले. ती सोपी झाली इंग्रजीसाठी.

२०२३च्याच संशोधनात एकच मजकूर वेगवेगळ्या भाषांत टोकनांच्या हिशेबाने पंधरा पटींपर्यंत फुगू शकतो, असे मोजून दाखवले गेले. आणि प्रश्न निव्वळ पैशांचा नव्हता. मॉडेलची खिडकीही, म्हणजे ते एका वेळी किती मजकूर ध्यानात घेऊ शकते तेही, टोकनांत मोजले जाते (सुरुवातीला २,०४८, चॅटच्या मॉडेलला ४,०९६), मिनिटाला किती मजकूर पाठवता येईल तेही टोकनांत, आणि उत्तर येण्याचा वेगही त्यावरच. त्यातच चॅटच्या त्या रचनेत सर्व्हर काही लक्षात ठेवत नसे, प्रत्येक कॉलला आधीचे सगळे संभाषण पुन्हा पाठवावे लागे. म्हणजे मराठीचा जादा भार प्रत्येक फेरीत नव्याने मोजला जाई.

मग लोकांनी वाटा काढल्या. प्रश्न आधी इंग्रजीत भाषांतरित करायचा, उत्तर परत मराठीत आणायचे. टोकन वाचत, पण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ इंग्रजीतून जाताना एकच होतात आणि परत येताना भलत्याच रूपात येतात. ज्येष्ठांना ‘तू’ म्हणणारी सेवा मराठी माणसापुढे ठेवणे मला तेव्हाही पटत नव्हते. दुसरी वाट रोमन लिपीतली मराठी. एक सापळा अजूनही सापडतो : पायथनमध्ये माहितीचे जेसन (माहिती पाठवायचा एक ठरलेला साचा) करताना आस्कीचा, म्हणजे फक्त इंग्रजी चिन्हे ठेवण्याचा, पर्याय बंद केला नाही, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची जागा सहा चिन्हांचा सांकेतिक क्रमांक घेतो, आणि तोच प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला पाठवायच्या मजकुरात, गेला की टोकन विनाकारण वाढतात.

मे २०२४मध्ये मोठा बदल झाला. ओपनएआयच्या जीपीटी-४ओ या मॉडेलबरोबर सुमारे दोन लाख टोकनांची नवी यादी आली. घोषणेतल्या नमुना मजकुराला मराठीत आधी ९६ टोकन लागत, आता ३३. इंग्रजीत २७चे २४ झाले. साडेतीन पटींचा फरक दीडपटीच्या आत आला. हे आधीच करता आले असते, हेही त्यातून सिद्ध झाले. भारतात तयार झालेल्या काही मॉडेलांनी भारतीय लिपींसाठी याद्या वेगळ्याच बेतल्या. त्याच वर्षी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या मजकुरासाठी सवलतीचा दर देणारे कॅशिंगही सुरू झाले.

सप्टेंबर २०२४पासून मात्र ‘विचार’ करणाऱ्या मॉडेलांत उत्तराआधीची टोकनेही, ती ग्राहकाला दिसत नसली तरी, उत्तराच्या दराने बिलात धरली जाऊ लागली. याद्या कंपनीगणिक आणि आवृत्तीगणिक वेगळ्या आहेत, त्यामुळे दहा लाख टोकनांचे दर शेजारी ठेवून मराठीसाठी स्वस्त कोण ते ठरत नाही. त्यासाठी आपलाच मराठी मजकूर प्रत्येक सेवेच्या टोकन-मोजणीतून काढून पाहावा लागतो.