पैलूदार इंग्रजी पेले: वजनावरचा कर आणि नंतरच्या प्रतिकृती

इंग्लंडमध्ये शिसेयुक्त काचेचे पेटंट १६७४ साली दिले गेले आणि ही मऊ, लखलखीत काच पैलू पाडण्यास सोयीची ठरली, एवढे सर्वांना ठाऊक असते. वाद आहे तो १७४५ च्या अबकारी कायद्याबद्दल. त्याने काचेच्या कच्च्या मालावर पौंडामागे एक पेनी कर बसवला आणि १७७७ मध्ये तो दुप्पट झाला. करामुळेच पेले हलके झाले आणि वाटी व बैठक यांना जोडणाऱ्या त्यांच्या दांड्या सडपातळ झाल्या, असे जुन्या काचेच्या विक्रेत्यांच्या वर्णनांत आजही ठामपणे लिहिले जाते. मात्र जाडजूड दांडीची फॅशन कायद्याआधीच ओसरू लागली होती. शिवाय कर भट्टीत जाणाऱ्या मालावर होता. पैलू पाडताना चाकावर घासून वाया जाणाऱ्या काचेवरही तो आधीच भरलेला असे. त्यामुळे पैलूकाम महाग पडले, हे खरे. १७८० नंतर आयर्लंडला करमुक्त निर्यातीची मोकळीक मिळाली, तेव्हा तिथल्या भट्ट्यांत जाड काचेवर खोल पैलू सर्रास पाडले जाऊ लागले, हेही खरे. पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, कर चालू असतानाच, खुद्द इंग्लंडमध्येही तसेच वजनदार, हिऱ्यासारख्या चौकड्यांचे पेले बनत होते. गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार असेल तर कर आड येत नाही, हे कराला सारे श्रेय देणारे विसरतात.

१८२५ मध्ये आयर्लंडलाही कर लागू झाला. १८४५ मध्ये तो सर्वत्र रद्द झाला. तोवर साच्यात दाबून बनवलेली स्वस्त काच पैलूंची नक्कल करू लागली होती आणि १८५३ मध्ये एका नामवंत कलासमीक्षकाने पैलूदार काचेला सरसकट रानटी ठरवले. तरीही शतकाच्या अखेरीस जुन्या घाटांची आवड परतली. तेव्हाच्या प्रतिकृती बहुतेक नवे जेवणसंच म्हणून उघडपणे विकल्या गेल्या. शंभर वर्षांच्या वापराने त्यांच्याही बुडाला ओरखडे पडल्यामुळे आज गोंधळ होतो. अठराव्या शतकातील पेल्याची बैठक सहसा तोंडाहून रुंद असते, प्रतिकृतीची अनेकदा अरुंद. जुन्या काचेत किंचित करडी झाक दिसते, नवी पांढरीशुभ्र असते. लाकडी चाकावर झिलई दिलेल्या पैलूची कड बोटाला धारदार लागते, तर आम्लात बुडवून चमकवलेल्या पैलूंच्या कडा सगळीकडे सारख्याच बोथट झालेल्या असतात.